राखेवरचे रान : क्राकाटोआच्या पुनर्जन्माचा इतिहास

१/
२७ ऑगस्ट १८८३, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. सुमारे ४,८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर त्याचा आवाज तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू गेला. समुद्राच्या लाटा काही ठिकाणी ३० मीटरहून उंच चढल्या. ३६,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यातील बहुतेकांचा बळी आगीने नव्हे, पाण्याने घेतला.

२/
या स्फोटाची कथा अनेकदा सांगितली जाते आणि बहुधा इथेच थांबते. परंतु त्यानंतर त्या बेटावर जे घडले, त्याचा इतिहास अधिक दीर्घ आणि अधिक वादग्रस्त आहे. निर्जीव राखेवर रान कसे उभे राहते? कोण आधी येते, कोण नंतर? येणाऱ्यांची संख्या कुठवर वाढते? आणि मुख्य म्हणजे, बेट खरोखर निर्जीव झाले होते हे कोणी पाहिले? #थ्रेड

३/
स्फोटापूर्वी क्राकाटोआ घनदाट अरण्याने झाकलेले होते. स्फोटात बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुद्रात खचला. उरला तो दक्षिणेकडील राकाटा हा सुमारे ८०० मीटर उंचीचा सुळका आणि शेजारची सेर्तुंग व पांजांग ही दोन बेटे. या तिन्हींवर गरम राख आणि फेसाळ प्युमिस दगड यांचे थर बसले. कित्येक ठिकाणी त्यांची जाडी ३० मीटरहून अधिक होती. जावा आणि सुमात्रा यांचे किनारे येथून सुमारे ४० किलोमीटर दूर.

४/
ऑक्टोबर १८८३ मध्ये डच भूवैज्ञानिक रोखिअर व्हरबेक बेटावर उतरले. त्यांचे काम खडक, राख आणि लाटा यांची नोंद घेण्याचे होते. या उत्पातावरील त्यांचा अहवाल आजही मूळ साधन मानला जातो. पुढे मे १८८४ मध्ये एक फ्रेंच पथक आले. त्यातील एदमों कोतो यांनी कसून शोध घेतला. त्यांना एकच सजीव आढळला : एक अतिसूक्ष्म कोळी. जिथे पकडायला एकही माशी नव्हती, तिथे तो जाळे विणीत होता.

५/
हा कोळी आला कसा? कोळ्यांची पिले रेशमाचा बारीक धागा हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर तरंगत मैलोन् मैल जातात. अशी असंख्य पिले समुद्रात पडून मरतात. एखादे जमिनीवर पोहोचते. नव्या बेटावरील वसाहतीचा पहिला नियम यातून दिसतो : पोहोचणे ही निव्वळ संधीची बाब असते. टिकणे मात्र तिथे खायला काय आहे, यावर ठरते.

६/
वनस्पतीशास्त्रज्ञ आला तो जून १८८६ मध्ये. बॉयटेनझॉर्ग, म्हणजे आजच्या बोगोर येथील वनस्पती उद्यानाचे संचालक मेल्किओर ट्रॉइब. स्फोटाला जवळजवळ तीन वर्षे झाली होती. ट्रॉइब यांना राखेवर नीलहरित शैवलांचा बुळबुळीत पातळ थर दिसला, त्यावर उगवलेले नेचे दिसले आणि किनाऱ्यावर काही सपुष्प वनस्पती दिसल्या. एकूण ११ जातींचे नेचे आणि १५ जातींच्या सपुष्प वनस्पती त्यांनी नोंदविल्या.

७/
ट्रॉइब यांचा निष्कर्ष असा : बेट संपूर्णपणे निर्जीव झाले होते. शैवलांनी राखेवर ओलसर थर निर्माण केला, त्यामुळे नेच्यांच्या बीजाणूंना रुजता आले आणि नेच्यांनी पुढच्या वनस्पतींसाठी जमीन तयार केली. एक पिढी दुसऱ्या पिढीसाठी अंथरूण घालते, असे हे चित्र होते. ते आकर्षक होते, सुबोध होते आणि लवकरच पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

८/
किनाऱ्यावरील वनस्पतींची नावे कोकणातील वाचकाला परकी वाटणार नाहीत. वाळूवर पसरणारी मर्यादवेल आणि उंडी ही दोन्ही ट्रॉइब यांच्या यादीत आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरही ती आढळतात. कारण एकच. यांच्या बिया किंवा फळे खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ तरंगतात आणि तरीही रुजण्याची शक्ती गमावीत नाहीत. हिंदी महासागराच्या दोन टोकांना एकच किनारी रान दिसते, ते या प्रवासामुळे.

९/
येणाऱ्यांचे मार्ग तीन : समुद्र, वारा आणि प्राणी. पहिल्या काही वर्षांत समुद्र आणि वारा यांचेच राज्य होते. नेच्यांचे बीजाणू आणि गवतांचे तुरे वाऱ्याने आले. १८९७ पर्यंत बेटाच्या अंतर्भागात उंच गवताचे माळ पसरले. त्यात उसाच्या कुळातील काशगवत आणि इंडोनेशियात ‘आलांग-आलांग’ म्हणून ओळखले जाणारे गवत प्रमुख होते. किनाऱ्यावर सुरूची झाडे उभी राहू लागली.

१०/
इथे जीवसंख्येचे गणित समजून घेतले पाहिजे. एका रोपापासून दरवर्षी केवळ दोन रोपे झाली आणि हा क्रम अखंड चालला, तर २० वर्षांत १०,४८,५७६ रोपे होतील. १७९८ मध्ये थॉमस माल्थस यांनी याच दुपटीच्या शक्तीकडे लक्ष वेधले होते. रिकामी जमीन, भरपूर ऊन आणि स्पर्धक नाही, अशा स्थितीत पहिले आगंतुक याच गतीने फैलावतात.

११/
परंतु ही वाढ कायम राहू शकत नाही. १८३८ मध्ये बेल्जियन गणितज्ञ प्येर फ्रांस्वा व्हरहुल्स्ट यांनी तिला मर्यादा घालणारे समीकरण मांडले. संख्या आधी संथ वाढते, मग झपाट्याने, मग पुन्हा संथ होत एका पातळीशी स्थिरावते. या वक्राला त्यांनी १८४५ मध्ये ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले. त्यांचे काम पुढे विस्मरणात गेले. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी हाच वक्र स्वतंत्रपणे पुन्हा मांडला.

१२/
वक्र जिथे स्थिरावतो, त्या पातळीस पुढे धारणक्षमता म्हणू लागले : एखादी जागा एखाद्या जातीचे किती जीव पोसू शकते, ती मर्यादा. बंद बाटलीतील फळमाश्यांना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. परंतु क्राकाटोआ ही बाटली नव्हती. तिथे राहणारे जीव आपल्या राहण्याची जागाच बदलत होते, आणि जागा बदलली की मर्यादाही बदलत होती.

१३/
गवताचेच उदाहरण पाहावे. त्याने राख धरून ठेवली, कुजून माती दिली, पक्ष्यांना आसरा दिला. त्याच मातीत पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी टाकलेल्या बियांतून झाडे उगवली. झाडे वाढली तशी सावली दाट झाली, आणि उन्हावाचून न जगणारे गवत मागे हटले. गवताची संख्या घटली ती त्याने जमिनीतील सारे संपविले म्हणून नव्हे. त्याने इतरांसाठी सोय केली आणि त्या सोयीने त्याचाच घास घेतला.

१४/
या क्रमाला ‘अनुक्रमण’ म्हणतात. १८९९ मध्ये अमेरिकेत हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याकडून आत चालत जावे, तसतशा अधिकाधिक जुन्या टेकड्या लागतात : आधी उघडी वाळू, मग गवत, मग झुडपे, मग अरण्य. काउल्स यांनी अंतरात काळ वाचला. क्राकाटोआवर तोच काळ प्रत्यक्ष घड्याळाने मोजता येत होता.

१५/
१९१६ मध्ये फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी अनुक्रमणाचा भव्य सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते वनस्पतींचा समुदाय हा एका सजीव देहासारखा असतो. तो जन्मतो, वाढतो आणि प्रदेशाच्या हवामानाने ठरविलेल्या एका अंतिम, स्थिर अवस्थेला पोहोचतो. १९२६ मध्ये हेन्री ग्लीसन यांनी हे नाकारले. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार येते वा जाते आणि समुदाय म्हणजे अशा येण्याजाण्याचा योगायोग, असे त्यांचे म्हणणे होते.

१६/
दोघांच्या वादात क्राकाटोआची साक्ष मोलाची ठरणार होती. पण त्या साक्षीवरच एका माणसाने बोट ठेवले. कॉर्नेलिस बाकर हे जावाच्या वनस्पतींचे जाणकार अभ्यासक, आणि क्राकाटोआवर स्वतः जाऊन आलेले. १९२९ मध्ये त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध करून थेट विचारले : बेटावरील सारी मुळे, सारी बीजे नष्ट झाली होती, हे कोणी सिद्ध केले आहे?

१७/
बाकर यांचा आक्षेप इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. स्फोटानंतर पहिली जवळजवळ तीन वर्षे एकही वनस्पतीशास्त्रज्ञ बेटावर गेला नाही. ट्रॉइब गेले तेव्हा त्यांची भेट अल्पकाळाची होती आणि त्यांनी बेटाचा थोडाच भाग पाहिला. उंच कड्यांवरील घळींत एखादे मूळ जिवंत राहिले नसेलच, असे त्या भेटीवरून म्हणता येत नाही. साक्षीदार उशिरा पोहोचला, तर त्याच्या साक्षीचे वजन किती?

१८/
पणास बरेच काही लागले होते. एक जरी मूळ वाचले असेल, तर ‘शून्यापासून आरंभ’ हा क्राकाटोआचा दावा कोसळतो. मग कोणती वनस्पती समुद्र ओलांडून आली आणि कोणती जागच्या जागी पुन्हा फुटली, हे सांगता येणार नाही. बाकर यांच्या विरुद्ध पक्षाने राखेची जाडी, तिची उष्णता आणि १८८४ मधील ओसाडपणा यांचे दाखले दिले. हे दाखले सबळ होते. तरीही ते अनुमानच होते, प्रत्यक्ष पुरावा नव्हे.

१९/
योगायोग असा की, या वादाच्या ऐन वेळी निसर्गाने दुसरा प्रयोग मांडला. डिसेंबर १९२७ च्या अखेरीस कोळ्यांना जुन्या बेटाच्या जागी समुद्रातून वाफ निघताना दिसली. नवा ज्वालामुखी वर येत होता. लाटांनी त्याला अनेकदा धुऊन नेले. १९३० मध्ये तो कायमचा पाण्यावर राहिला. त्याचे नाव अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटोआचे मूल. समुद्राच्या तळातून वर आलेल्या या जमिनीवर जुने मूळ असण्याचा प्रश्नच नव्हता.

२०/
तिथेही जीव आला. पुढील उद्रेकांनी त्याची वनराई पुनःपुन्हा जाळली आणि ती पुनःपुन्हा नव्याने सुरू झाली. समुद्र ओलांडून येणाऱ्यांच्या बळावर रान उभे राहू शकते, हे अनाक क्राकाटाऊने निर्विवादपणे दाखविले. मात्र राकाटावर १८८३ मध्ये एकही मूळ वाचले नव्हते, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. शक्यता सिद्ध होणे आणि घटना सिद्ध होणे यांतील अंतर इथे नेमके दिसते.

२१/
प्राण्यांच्या नोंदी अधिक काटेकोर होत्या. राकाटावर स्थायिक झालेल्या भूचर पक्ष्यांच्या १९०८ मध्ये १३ जाती होत्या. १९१९ ते १९२१ च्या पाहणीत त्या २७ झाल्या. १९३२ ते १९३४ च्या पाहणीतही २७ च. संख्या थांबली, पण यादी थांबली नव्हती. काही जुने पक्षी नाहीसे झाले होते आणि त्यांची जागा नव्यांनी घेतली होती. उघडे माळ झाकले गेले की माळावरच्या पक्ष्यांना तिथे काम उरत नाही.

२२/
याच आकड्यांकडे १९६० च्या दशकात रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. बेटावरील जातींची संख्या ही येणारे आणि नाहीसे होणारे यांच्यातील समतोल असतो, असे त्यांनी १९६७ च्या ग्रंथात मांडले. गर्दी वाढते तसे नव्यांना जागा मिळणे अवघड होते आणि जुन्यांचे उच्चाटन वाढते. क्राकाटोआचे पक्षी हा त्या सिद्धान्ताचा एक कळीचा दाखला होता.

२३/
त्याच ग्रंथात व्हरहुल्स्ट यांच्या समीकरणातील दोन राशींवरून जीवांच्या दोन वृत्ती वर्णिल्या आहेत. काही जीव भरमसाट संतती निर्माण करून रिकाम्या जागा भराभर व्यापतात. काही मोजकी संतती वाढवून गर्दीत टिकून राहतात. बीजाणू उधळणारा नेचा पहिल्या प्रकारचा, सावलीत संथ वाढणारे अरण्यवृक्ष दुसऱ्या प्रकारचे. लोकसंख्येचे गणित आणि रानाचा इतिहास इथे एकत्र आले.

२४/
पुढे १९७९ पासून ब्रिटिश आणि १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन पथकांनी बेटांची नव्याने पाहणी केली. त्यांना आढळले की, एकाच हवामानातील, एकाच दिवशी राखेखाली गेलेल्या तीन बेटांवर तीन सारखी अरण्ये उभी राहिलेली नाहीत. राकाटावर निओनॉक्लिया या वृक्षाचे प्राबल्य होते. सेर्तुंग आणि पांजांग यांवर टिमोनिअस आणि डायसोक्झायलम यांचे. कोण आधी पोहोचले आणि नंतर पुन्हा राख कुठे पडली, यावर बरेच अवलंबून होते.

२५/
क्लेमेंट्स यांच्या एकाच ठरलेल्या शेवटाला या निष्कर्षाने मोठा धक्का दिला. पण ग्लीसन यांचा निव्वळ योगायोगही पुरेसा नव्हता. किनारी वनस्पती आधी, वाऱ्यावरचे बीजाणू आणि गवत सोबत, आणि पक्षी-वटवाघळांनी आणलेली उंबर-वडाच्या कुळातील झाडे नंतर, हा क्रम ढोबळमानाने सर्वत्र दिसतो. या झाडांना तर फळ धरण्यासाठी त्यांचा ठरावीक सूक्ष्म कीटकही समुद्र ओलांडून यावा लागतो. क्रम आहे, शेवट मात्र आधी लिहिलेला नाही.

२६/
क्राकाटोआच्या नोंदींतील उणिवेने एक धडा दिला. नोव्हेंबर १९६३ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेस समुद्रातून सुर्टसी हे बेट वर आले, तेव्हा शास्त्रज्ञांनी आरंभापासून दप्तर ठेवले आणि इतरांना प्रवेश नाकारला. १९६५ मध्ये तिथे पहिली सपुष्प वनस्पती नोंदली गेली. एकदा टोमॅटोचे रोप उगवले. ते एका मानवी शौचातील बियांपासून आले आहे, हे ध्यानात येताच उपटून टाकण्यात आले. इतकी दक्षता १८८३ मध्ये कोणाला सुचली नव्हती.

२७/
२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री अनाक क्राकाटाऊचा एक पार्श्वभाग समुद्रात कोसळला. ३३८ मीटरचा डोंगर ११० मीटरवर आला. त्सुनामीत ४०० हून अधिक माणसे दगावली. डोंगरावरील रान राखेखाली गेले. अनुक्रमणाचे घड्याळ पुन्हा एकदा शून्यावर आले.

२८/
या इतिहासाची एक फांदी जावाच्या नैर्ऋत्य टोकावर, उजुंग कुलोन द्वीपकल्पात आजही वाढते आहे. १८८३ च्या लाटांनी तेथील वस्त्या पुसून टाकल्या आणि त्या पुन्हा वसल्या नाहीत. माणूस हटला तिथे झुडपी रान माजले आणि त्यात जावन गेंडा वाचला. जगातील इतर ठिकाणचे त्याचे अस्तित्व संपले आहे. उरलेले शंभराहून कमी गेंडे केवळ इथेच आहेत.

२९/
आणि इथे क्राकाटोआचा धडा व्यवहाराला येतो. हा गेंडा कोवळा पाला आणि डहाळ्या खातो. त्या उघड्या, तरुण रानात विपुल असतात. रान जुने होते, ‘लांगकाप’ नावाच्या माडाच्या कुळातील झाडांची दाटी होते, तसा त्याचा चारा कमी होतो. म्हणून वनरक्षक ठिकठिकाणी ही झाडे तोडून रान मुद्दाम उघडे करतात. रान ‘जसे आहे तसे’ राखले, तर ते तसे राहत नाही.

३०/
गेंड्यांची ही अखेरची वस्ती शिकाऱ्यांच्या आवाक्यात आहे आणि ज्या ज्वालामुखीच्या लाटांनी तिला जन्म दिला, त्याच्याही आवाक्यात आहे. त्यांतील काही गेंडे दुसऱ्या अधिवासात वसवावेत, ही चर्चा अनेक वर्षे चालू आहे. एखाद्या जागेची धारणक्षमता किती, हा प्रश्न विचारताना ‘कोणत्या वर्षी’ हेही विचारावे लागते. राकाटाच्या गवताला ते कळण्याचा मार्ग नव्हता. माणसाजवळ १४० वर्षांच्या नोंदी आहेत.

(समाप्त)